तिसऱ्या अल्बमच्या नोंदी: गळ्यासाठी जागा

३ जानेवारी

आजपासून वही सुरू. आधीचे दोन्ही अल्बम बिनगळ्याचे होते. सिंथ (सिंथेसायझर), ड्रम मशीन, इकडून तिकडून रेकॉर्ड केलेले आवाज, एवढंच. या तिसऱ्यात आठ गाणी धरली आहेत. त्यातली पाच पाहुण्या गळ्यांसाठी, तीन नुसती वाद्यांची. गाण्यांना नावं अजून नाहीत, फक्त आकडे.

गळा का हवा, हे स्वतःशी नीट मांडून ठेवते, म्हणजे मध्येच डगमगणार नाही. मला या वाटेवर आणलं ते चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांच्या १९८२च्या रेकॉर्डने. दहा राग, डिस्कोचा ठेका, रोलंड कंपनीची टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथ. त्यात गळा नाहीच, आणि तो नसल्याचं कधी जाणवतही नाही, कारण राग स्वतःच बोलतो. मी इतकी वर्षं त्याच धाटणीने काम केलं. पण दुसऱ्या अल्बमच्या शेवटी लक्षात आलं की माझ्या प्रत्येक ट्रॅकमध्ये मधोमध एक सिंथ असतो आणि तो माणसासारखा गायचा प्रयत्न करत असतो. मग माणसालाच बोलवावं.

फायलींचा नियम आत्ताच ठरवून टाकते: सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फाइलच्या नावात गाण्याचा आकडा, टेम्पो, सा कुठला आणि तारीख. ‘फायनल’ हा शब्द नावात टाकायचा नाही.

९ जानेवारी

आठवडाभर काम असं केलंच नाही, नुसतं ऐकलं. पाहुण्या आवाजांवर उभे राहिलेले अल्बम एकेक करून, वही समोर ठेवून.

सगळ्यात जास्त वेळ मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडवर गेला. १९९१च्या पहिल्या अल्बमपासून जमैकाचा गायक होरेस अँडी त्यांच्या पाचही स्टुडिओ अल्बमवर आहे. बाकीचे गळे बदलत गेले, शारा नेल्सन, ट्रेसी थॉर्न, एलिझाबेथ फ्रेझर, पण तो राहिला. आवाज कोणाचाही असो, रेकॉर्ड त्यांचंच वाटतं ते यामुळेही असावं. घरात कायम राहणारा एक माणूस असला की पाहुण्यांना मोकळं वाटतं. ‘टीअरड्रॉप’ (१९९८) परत परत लावलं. सुरुवातीला ठोक्याशिवाय जवळजवळ काही नाही, आणि फ्रेझर येते तेव्हा तिच्या आजूबाजूला इतकी मोकळीक आहे की श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. ‘प्रोटेक्शन’चे शब्द ट्रेसी थॉर्नने त्यांनी पाठवलेल्या संगीतावर लिहिले. म्हणजे ठेका दुसऱ्याचा, पण गाण्यात सांगितलंय ते तिचं.

मग मागे जाऊन १९७७. डोना समरचं ‘आय फील लव्ह’, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी म्युनिकमध्ये केलेलं. मूग सिंथचा बेस एका कानात, तोच डिलेने जरा मागून दुसऱ्या कानात, त्यामुळे तो दुप्पट वेगाने पळतोय असं वाटतं. एक गोष्ट मला फार आवडते: किक (मोठ्या ड्रमचा ठोका) मात्र मशीनची नाही. मूगमधून मनासारखी किक निघेना, तेव्हा कीथ फोर्सीने ती पायाने वाजवली. आणि एवढ्या धावपळीवर समर काय करते? लांब, सावकाश, तरंगणारे स्वर. बेस एका ठोक्यात चार वेळा बोलतोय आणि ती एका श्वासात एकच शब्द. दोघं एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत.

वहीत चौकट करून लिहिलं: यंत्र पळत असेल तर गळ्याला पळवायचं नाही.

१७ जानेवारी

गाणं २. ताई आल्या होत्या. चाळीस वर्षं रागसंगीत गाणारा गळा, आणि माझ्याकडे एक पूर्ण सजवलेला ट्रॅक: एकेका आवाजाच्या ४८ पट्ट्या, चार कॉर्डचा फिरत राहणारा लूप, ११२चा टेम्पो, मधे मोठा ड्रॉप (ठेका थांबून जोरात परत येतो ती जागा). मी तो अभिमानाने वाजवला. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकला. मग म्हणाल्या, “छान आहे गं. पण हे दर चार मात्रांनी घर बदलतंय. मी सा कुठे धरू?”

मी म्हटलं, “ताई, सा पांढरी तीनच आहे, तो बदलत नाही.”

“तुझ्या कागदावर नसेल बदलत. कानाला बदलतोय.”

तरी त्या गायल्या. भूप घेतला. पांढरी तीन ही हार्मोनियमची पट्टी त्यांना खूप खाली पडत होती. त्या काळी चारला गातात. मंद्रात आवाज नुसता हवेसारखा झाला, मध्य सप्तकात नीट बसला, पण प्रत्येक वेळी गंधारावर आल्या की काहीतरी आंबट व्हायचं. मला वाटलं त्यांचा स्वर हलतोय. त्यांना वाटलं माझं यंत्र बेसूर आहे. तीन टेक झाले आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला. रागावल्या नाहीत, पण दमल्या.

त्या गेल्यावर दोन तास नुसती बसून राहिले.

१८ जानेवारी

यंत्रच बेसूर होतं. आज मोजून पाहिलं.

सिंथ समान अंतराच्या बारा स्वरांवर चालतो. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, एका सप्तकात १२००). ताई तानपुऱ्यात बसणारा गंधार लावतात, तो ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे साधारण ३८६ सेंट. फरक १४ सेंटचा. कागदावर किरकोळ वाटतो. पण काळी चारच्या सा वर, सा २०७.६५ हर्ट्झ धरला तर त्यांचा गंधार सुमारे २५९.६ येतो आणि माझ्या पॅडमधला, म्हणजे मागे लांब धरलेल्या सिंथच्या स्वरांतला, २६१.६. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. पॅड जितका लांब तितके हेलकावे जास्त. आणि भूपात तर गंधार हा वादी, म्हणजे मुख्य स्वर, त्याच्यावरच येऊन राहायचं असतं! मी त्यांना नेमकं त्याच जागी चिखलात उभं केलं होतं.

पंचमाचा प्रश्न नाही. तिथे फरक जेमतेम २ सेंट, कानाला लागत नाही.

उपाय म्हणून सिंथचा गंधार खाली आणता आला असता, ट्यूनिंगची फाइल लावून. करून पाहिलं. पण मग कॉर्ड बदलला की तोच स्वर दुसऱ्या कॉर्डमध्ये खटकतो. शेवटी ताई म्हणाल्या तेच खरं: घर बदलायचंच नाही. चारही कॉर्ड काढून टाकले. पॅडमध्ये फक्त सा आणि प ठेवले. गंधार पूर्ण त्यांना सोडला. आता तो स्वर गाण्यात फक्त त्यांच्या गळ्यातूनच येईल.

सा पांढरी तीनवरून काळी चारवर नेला. त्यामुळे सब-बेसचा पाया ४१.२ हर्ट्झवरून ५१.९वर आला. छातीत बसणारा दणका थोडा कमी झाला, पण साध्या स्पीकरवर बेस आता निदान ऐकू येतो. टेम्पो ११२वरून ८४. ड्रॉप काढला. ४८ पट्ट्यांच्या १९ राहिल्या.

काढलेल्या २९ पट्ट्यांमध्ये माझा डिसेंबरचा अख्खा महिना आहे. फोल्डर पुसला नाही, बाजूला ठेवला.

२५ जानेवारी

ताई परत आल्या. या वेळी आधी त्यांना नुसता सा-प ऐकवला, ठेका बंद ठेवून. वीस मिनिटं त्या आपल्याच नादात आलापी करत होत्या. मी पहिल्या मिनिटापासून रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, त्यांना सांगून.

अकराव्या मिनिटाला त्या पंचमावरून गंधारावर उतरल्या, पण सरळ नाही. आधी धैवताला हलकेच स्पर्श, मग मींड घेत, म्हणजे स्वर न तोडता सरकत, खाली, आणि गंधारावर येताना आवाज इतका बारीक केला की मीटरची सुई जवळजवळ पडली. अशी जागा घेतली की माझा हात फेडरवरच राहिला. पुढच्या नऊ मिनिटांत त्यांनी ती तीनदा घेतली, दर वेळी थोडी वेगळी.

गाणं तिथे सापडलं. माझ्या ट्रॅकमध्ये नव्हतंच ते.

२६ जानेवारी

कालच्या त्या जागेवरून रात्री एक गोष्ट मनात घोळत राहिली. ती अकराव्या मिनिटाची ओळ आता गाण्याचा मुखडा होणार. मग ती रचना कोणाची? मी फक्त सा-प वाजवत होते.

१९७३मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडने गायिका क्लेअर टोरीला एका सत्रासाठी बोलावलं, शब्द नाहीत, गा म्हणाले. तिने जे गायलं ते ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. त्या सत्राचे तिला ३० पौंड मिळाले. २००४मध्ये तिने दावा केला, २००५मध्ये तडजोड झाली आणि आता त्या गाण्याच्या श्रेयात रचनाकार म्हणून तिचंही नाव येतं. मधे तीस वर्षं गेली.

आपल्याकडे आलाप म्हणजे ‘गायकीचा भाग’ असं समजून सोडून देण्याची सवय आहे. पण उत्स्फूर्त असला तरी तो सुचलेला असतो, आणि कोणाला तरी सुचलेला असतो. सकाळी ताईंना फोन केला: रचनेत निम्मा वाटा तुमचा, गायनाचं मानधन वेगळं. त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “अगं, मी नुसती गळा गरम करत होते.” मी म्हटलं, “तेच गाणं झालंय, ताई.” कागद आजच लिहिला. वाटणी काम संपल्यावर नाही, टेक निवडतानाच लिहायची. नंतर प्रत्येकाला आपलंच काम जास्त आठवतं, मलाही.

६ फेब्रुवारी

गाणं ५, रॅप. माझा जुना मित्र, दुसऱ्या शहरात. त्याने तिकडे रेकॉर्ड करून फायली पाठवल्या. लिहिलंय जबरदस्त, पण ऐकताना सगळं जरासं मागे पडल्यासारखं. टेम्पो ७०, त्यामुळे मागे रेलून म्हटलेलं चालतं, पण हे रेललेलं नव्हतं, उशिरा पोचलेलं होतं.

शोधल्यावर कारण सापडलं, आणि चूक माझी होती. त्याला ऐकायला म्हणून ट्रॅक एमपी३ करून पाठवला. एमपी३ करताना आणि उघडताना फायलीच्या सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते, साधारण ११०० सॅम्पल, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला तेवीसेक मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ती भर आपोआप कापतात, काही नाही कापत. त्याच्याकडे कापली गेली नाही. त्याने त्या सरकलेल्या ट्रॅकवर अगदी बरोबर म्हटलं, आणि माझ्या मूळ ट्रॅकवर ठेवल्यावर सगळं मागे.

अख्खी पट्टी २३ मिलिसेकंद पुढे ओढली. तरीही काही शब्द ठोक्याच्या मागे होते, विशेषतः प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द. हात शिवशिवला, ग्रिडवर ओढून बसवावेत म्हणून. दोन ओळी बसवून पाहिल्या आणि गाणं मेलं. तो शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबतो, तुम्ही ऐकताय ना हे बघितल्यासारखं. ते मागे पडणं त्याचं स्वतःचं आहे. तेवीस मिलिसेकंद यंत्राचे होते तेवढे काढले, बाकीचे त्याचे त्याला परत दिले.

फोनवर सांगितलं तर हसला. “बरं झालं विचारलंस. लोक सरळ कापून बसवतात आणि मग मला माझाच आवाज ओळखू येत नाही.”

वहीत नोंद: यापुढे गाइड ट्रॅक वेव्हमध्येच (न दाबलेल्या फायलीत), आणि सुरुवातीला एक टिकटिक. ती टिकटिक परत येणाऱ्या फायलीतही हवी.

१४ फेब्रुवारी

गाणं ३. गाणी लिहिणारी, गिटारवर गाणारी मुलगी. वय माझ्याहून बरंच कमी, अहो-जाहो करते, ते मोडून काढायला दोन दिवस लागले. आवाज कुजबुजीच्या जवळचा. असा आवाज माइकच्या जवळ हवा, दहाएक सेंटिमीटरवर, म्हणजे खालचे स्वर आपोआप भरीव होतात. पण जवळ आलं की जिभेचा चटका, ओठांचा आवाज, गिळणं, सगळं येतं. कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं साधन) लावला की ते आणखी वर. खोलीतला कॉम्प्युटरचा पंखासुद्धा गायला लागला. शेवटी कॉम्प्युटर दाराबाहेर, मला दाराबाहेर, आणि ती आत एकटी, दिवा मालवून.

तिने पहिल्या टेकनंतर विचारलं, “माझाच आवाज मला उशिरा येतोय का?” येत होता. बफर (कॉम्प्युटर आवाज पुढे देण्याआधी साठवतो तो तुकडा) ५१२ सॅम्पलवर राहिला होता, ४८ किलोहर्ट्झला एका दिशेचे जवळजवळ ११ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. रॅपला कदाचित चालून गेलं असतं. कुजबुजणाऱ्या आवाजाला नाही, कारण तिला हाडांमधून ऐकू येणारा आणि हेडफोनमधला आवाज एकमेकांवर पडून विचित्र पोकळ वाटतो. कॉम्प्युटरमधून जाणारा मार्ग बंद करून आवाज थेट इंटरफेसमधूनच तिला दिला. लगेच खांदे खाली आले.

मग शब्द. धून माझी होती, आणि मुखड्याची ओळ मी दिली होती: “रात्र सरत नाही”. लांब स्वर शेवटच्या ‘ही’वर, तोही तार षड्जाजवळ. ती म्हणाली, “इथे ‘ई’ नको. वर ‘ई’ आला की गळा आवळतो, मला ओरडावं लागतं.” आणि तिथल्या तिथे फिरवून म्हणाली: “सरत नाही रात”. लांब स्वर आता ‘रा’वर. ‘आ’ उघडला, आणि त्याच उंचीवर ती कुजबुजू शकली. शब्द तेच, क्रम बदलला, आणि अर्थही बदलला बरं का: आधी तक्रार होती, आता रात समोर येऊन उभी राहिली.

सात टेक. त्यातला चौथा जवळजवळ पूर्ण घेतला, दुसऱ्या कडव्याच्या दोन ओळी सहाव्यातून. श्वास कापले नाहीत. फक्त दोन ठिकाणी थोडे हळू केले.

२० फेब्रुवारी

गाणं ७ची गायिका नाही म्हणाली.

ट्रॅक तिला जानेवारीतच पाठवला होता. महिनाभर तिच्याकडे होता, तिने खरंच प्रयत्न केला, चार वेगवेगळ्या चाली रेकॉर्ड करून पाठवल्या. आज सविस्तर निरोप आला. त्यातलं एक वाक्य इथे लिहून ठेवते: “हे गाणं पूर्ण झालेलं आहे, यात मी आले की कोणाला तरी उठवावं लागतं.”

वाईट वाटलं, कारण तिच्या आवाजासाठीच ते लिहिलं होतं. पण मग चारही चाली ट्रॅकवर लावून ऐकल्या. तिचं बरोबर आहे. ना उंच ना खालच्या, मधल्या स्वरांच्या पट्ट्यात, गळा जिथे राहतो तिथेच, माझा जुना सिंथ ठाण मांडून बसलाय, गायचा प्रयत्न करत. तो काढला तर ट्रॅक कोसळतो. हे गाणं २सारखं नाही. तिथे काढल्यावर काहीतरी उघडलं, इथे नुसतं भोक पडतं. गाणं ७ वाद्यांचंच राहील. म्हणजे आता चार आणि चार.

तिला सांगितलं की पुढच्या वेळी रिकामा सा पाठवीन, त्याच्यावर काही नसेल.

३ मार्च

गाणं ६. काका आले, कोरसमध्ये आयुष्य घालवलेले, खर्जाचा आवाज. मला मुखड्याखाली भरदार समूह हवा होता, एकाच गळ्यातून. मी सांगितलं, वेगवेगळ्या थरांसाठी सोळा वेळा तेच म्हणावं लागेल. ते म्हणाले, “सोळा काय, मोजू नकोस.”

असं कौशल्य मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या वेळी म्हणताना त्यांनी पहिल्याशी इतकं जुळवलं की दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्यावर आवाज जाड व्हायच्या ऐवजी एकच वाटायला लागला. मग मलाच विचारावं लागलं, काका, थोडं वेगळं म्हणाल का? “किती वेगळं?” म्हणाले. “पाव इंच की अर्धा?” आणि खरंच, एकदा माइकपासून पाऊलभर मागे, एकदा तोंड जरा वळवून, एकदा ‘त’ आणि ‘द’ न उच्चारता नुसते स्वर. व्यंजनं सोळा वेळा आली की चण्यांसारखी फुटतात, म्हणून कोरसमधल्या माणसाने ती गिळायची असतात, मुख्य गळ्याने तेवढी म्हणायची, हे त्यांनी सांगितलं. मी हे इतके दिवस डी-एसर (‘स’चा चटका दाबणारं साधन) आणि कात्रीने करत होते!

निघताना दारात चपला घालता घालता विचारलं, “नाव येतं का याच्यात? नसलं तरी चालेल, आपलं विचारलं.”

हो म्हटलं. पण ‘नसलं तरी चालेल’ हे वाक्य दिवसभर गेलं नाही.

४ मार्च

आमच्या प्रकारच्या संगीताचा इतिहास याबाबतीत चांगला नाही, आणि तो माहीत असलाच पाहिजे. १९८९मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं ‘राइड ऑन टाइम’ गाजलं, त्यातला आवाज लोलिआटा हॉलोवेच्या १९८०च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधून उचललेला होता, आणि पडद्यावर एक मॉडेल ओठ हलवत होती. त्याच सुमारास मार्था वॉशच्या आवाजाचंही तेच झालं, ब्लॅक बॉक्सच्या इतर गाण्यांत आणि सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या १९९०च्या ‘गॉना मेक यू स्वेट’मध्ये. तो मुखडा जगभर वाजला आणि व्हिडिओत दुसरीच बाई दिसत होती. मार्था वॉश कोर्टात गेली, म्हणून तरी गोष्ट उघड झाली.

नाच करायला लावणारा भाग त्या बायकांच्या गळ्यातूनच येत होता, ठेका फक्त त्यांना उचलून धरत होता. त्या गळ्याला ‘सॅम्पल’ म्हटलं की माणूस दिसेनासा होतो.

काकांचं नाव मुखपृष्ठाच्या मागे, गाण्याच्या ओळीतच: ‘समूहस्वर’ म्हणून. गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवांवर जाणाऱ्या माहितीतही गायक म्हणून टाकणार, नुसतं ‘इतर’ म्हणून नाही. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख) घेतानाच सगळ्यांची नावं आणि भूमिका एका तक्त्यात भरून ठेवल्या. रोजच्या कामात सगळ्यात रटाळ भाग हा, आणि तो उद्यावर ढकलला की चुकतोच.

१९ मार्च

मिक्स. पहिले तीन दिवस फसले, कारण चार गाणी चार वेगळ्या अल्बममधली वाटत होती. ताई मोकळ्या मैदानात, कुजबुज उशीखाली, रॅप थेट कपाळावर, काका देवळात.

उपाय जिन्यात सापडला. इमारतीच्या जिन्यात रात्री फुगा फोडला आणि तो आवाज वरच्या मजल्यावरून रेकॉर्ड केला. त्यातून कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (त्याच जागेचा घुमारा) बनवला, विरायला साधारण अडीच सेकंद घेणारा. तोच एक जिना चारही गळ्यांना, कमी-जास्त प्रमाणात. रॅपला इतका कमी की जाणवतही नाही, पण बंद केला की लगेच कळतं. वाद्यांच्या गाण्यांनाही थोडा दिला. आता सगळे एकाच घरात राहतात.

ताईंच्या गाण्यात टेम्पोला जुळवलेला डिले लावला होता, ८४ला ५३६ मिलिसेकंद. काढला. आलाप तालात नाही आणि डिले तालात, त्यामुळे तो त्यांच्या मागे मागे टाळ्या वाजवत फिरल्यासारखा वाटत होता. आता डिले फक्त तीन ठिकाणी, हाताने, स्वर संपल्यावर.

आणि एक कबुली: कुतूहल म्हणून त्यांच्या आवाजावर स्वर सुधारणारं प्लगइन लावून पाहिलं. त्याने गंधार उचलून ४०० सेंटवर नेला आणि मींडेच्या पायऱ्या केल्या. ऑटो-ट्यून १९९७मध्ये आलं, पुढच्याच वर्षी शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये ते मुद्दाम ऐकू येईल असं वापरलं गेलं, आणि तिथे ते सुंदरच आहे, कारण ती पायरीच त्या गाण्याची चाल आहे. गाणं ३च्या शेवटच्या ओळीत तसं केलंय, तिच्याच सांगण्यावरून. ताईंच्या गळ्यावर मात्र ते परत लावणार नाही.

रॅपमध्ये बेस आणि शब्द भांडत होते. सगळा बेस दाबण्याऐवजी शब्द येताच फक्त २०० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडा खाली जाईल असं केलं, आणि सिंथमधून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उतरवला. व्यंजनं तिथे कळतात. गळ्याचा आवाज वाढवावा लागलाच नाही.

२ एप्रिल

मास्टरिंग. मोह होता सगळं सारख्याच जोरात न्यायचा. पण ताईंचं गाणं दाबून मोठं केलं की अकराव्या मिनिटाची ती बारीक जागा आणि बाकीचा स्वर एकाच उंचीवर येतात, म्हणजे जागाच जाते. स्पॉटिफायसारखी सेवा तशीही आवाज एलयूएफएस या आवाजाचा जोर मोजायच्या मापावर उणे १४च्या आसपास आणून ठेवते, आणि अल्बम सलग ऐकला तर गाण्यांमधला लहान-मोठा फरक राखते. मग दाबून काय मिळवायचं? गाणं ५ उणे १०वर, गाणं २ उणे १७वर सोडलं. शिखरं उणे १ डेसिबलच्या वर नाहीत.

क्रम: ५, १, ३, ४, ६, ७, ८, २. ताई शेवटी. त्यांच्या गाण्यानंतर दुसरं काही लावून पाहिलं, सहन होत नाही.

११ एप्रिल

सगळ्यांना अंतिम फायली ऐकायला पाठवल्या, वेव्हमध्ये. रॅपवाल्या मित्राने एक शब्द बदलून परत म्हणून पाठवला, टिकटिकीसकट, बसवला. गाणं ३वाली मुलगी म्हणाली, दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास थोडा वाढव, तू जास्तच हळू केलायस. वाढवला.

काकांनी नाव बघून आडनावाचं लेखन दुरुस्त करायला सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घाचं. तक्त्यात, मुखपृष्ठावर आणि सेवांच्या अर्जात, तिन्हीकडे बदललं.

ताईंनी गाणं ऐकून तीन दिवस काही कळवलं नाही. आज फोन आला. म्हणाल्या, “दुसऱ्या वेळची जागा जास्त चांगली लागली होती, तू पहिली का ठेवलीस?” मी सांगितलं, पहिली घेताना तुम्हाला माहीत नव्हतं काय येणार आहे, ते ऐकू येतं. त्यांना पटलं नाही. त्या दिवसाची वीस मिनिटं कोरडी, काही न लावता, पाठव म्हणाल्या, त्यांना ती शिकवणीत वापरायची आहेत.

उद्या सकाळी पाठवायची.